सुवेराच्या घरचं पाणी

आधी हे सांगून टाकते की त्या दिवसांत माझा देवावर फार राग होता. अनुभव लिहिणाऱ्या बाया पहिल्याच ओळीत हात जोडतात. मला ते जमत नाही. मी शाळा पाहिली नाही, पोरांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकली, म्हणून जशी बोलते तशीच लिहून राहिली आहे. देवाचे आभार मानायलाच बसली, पण त्याच्याआधी मी त्याच्याशी किती भांडली तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर त्या आभाराला अर्थ काय.

आमचं गाव नवेगाव बांधच्या वाटेवर. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. उन्हाळा लागला की पिंडीच्या वर तांब्याची गळती टांगतात, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं भांडं. त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी देवाच्या डोक्यावर पडत राहते. ती भरायचं काम माझं. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. सकाळी आंघोळ झाली की कळशी घेऊन निघायचं, विहिरीचं पाणी ओढायचं, गळती काठोकाठ भरायची, पहिला थेंब पडलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच घरी येऊन चहा घ्यायचा. अंगात ताप असला तरी गेली आहे. महादेव उन्हात तहानलेला राहील हे माझ्याने सहनच व्हायचं नाही. गावातल्या बाया चिडवायच्या, "चालली महादेवाची पाणीवाली." मला ते ऐकून बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी, दोन हजार पाच-सहाचं असेल, माझी मोठी पोरगी रंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भर वैशाखात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, गोरी नाही, काळी नाही, उकडलेल्या धानाच्या रंगाची. टाके पडले होते, रक्तही बरंच गेलं होतं, पण तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. निघताना तिथल्या सिस्टरने बजावलं, "मावशी, हिला पाणी भरपूर पाजा. उन्हाळा आहे. अंगावर दूध काय हवेतून येणार आहे का?" मी हो हो म्हणून मान हलवली आणि ऑटोत बसल्याबरोबर मोठीबाईंना म्हटलं, "कालची पोरगी आपल्याला शिकवून राहिली." मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या समोरच राहतात, चूल वेगळी. त्या म्हणाल्या, "पाणी पाजलं की बाळंतिणीचं पोट सुटते, अंगात थंडी भरते. आपल्याले कोणी पाजलं होतं का वो? मेलो का आपण?" आम्ही दोघी हसलो. रंजू मधे बसली होती, पोर कुशीत घेऊन. ती हसली नाही.

घरी आल्यावर आमच्या पोवार समाजात चालते तसं सगळं सुरू केलं. आतल्या खोलीच्या खिडकीला पोतं ठोकलं. खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी, वरून ओव्याचा धूर. जेवायला लसणाची फोडणी दिलेला भात आणि सुंठीचा काढा. पाणी मात्र उकळून गार केलेलं, तेही सकाळी एक काशाची वाटी आणि संध्याकाळी एक. घरातला माठ मी स्वयंपाकघराच्या दारात माझ्या नजरेसमोर ठेवला आणि त्याच्या झाकणावर पितळी तांब्या पालथा घातला. कोणी झाकण उचललं की तांब्या वाजेल आणि मला कळेल. तेव्हा मला वाटत होतं की मी किती जपून राहिली आहे पोरीला.

आणि घराला सुवेर लागलं. बाळ जन्मलं की घराला विटाळ लागतो, त्याला आमच्याकडे सुवेर म्हणतात. कोणी म्हणतात लेक दुसऱ्या गोत्राची झाली, तीन दिवस पाळलं की पुरे. पण आमच्याकडे ज्या छपराखाली बाळंतीण, त्या छपराला बारा दिवस. देव झाकून ठेवायचे, दिवा नाही, देवळात पाय ठेवायचा नाही, आपल्या घरचं पाणी बाहेरच्या कोणी प्यायचं नाही. मी देव्हाऱ्यावर पिवळा कपडा टाकला आणि गळतीचं काम मोठीबाईंच्या हाती दिलं. त्यांच्या घराला सुवेर नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू काही काळजी नको करू, मी पाह्यतो ना." बस, त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. सकाळी विचारायची, "मोठीबाई, भरली का?" दुपारी विचारायची, "थेंब पडून राहिला ना? भोकात कचरा तर नाही बसला?" त्या गुडघ्याला हात लावून म्हणायच्या, "भरली वो बाई, भरली. तुझा महादेव आहे तिथंच आहे, कुठं गेला नाही." मला विश्वास यायचा नाही.

इकडे घरात एकेक गोष्ट बिघडत चालली. पोर दिवसभर रडायची. रंजूच्या अंगावर दूधच नव्हतं. सहाव्या दिवशी सटवीची पूजा झाली तेव्हा तिला ताप भरला होता. लघवीला गेली की भिंत धरून रडत यायची. ओठांची सालं निघाली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती पोरीकडे पाहायचीच नाही. मी पोर तिच्याजवळ दिली की भिंतीकडे तोंड करून हात तेवढा पुढे करायची, जसं कोणी दुसऱ्याचं सामान सांभाळायला घेते. "पाणी दे ना माय," एवढंच म्हणायची. मी म्हणायची, "संध्याकाळी देते." मग ती रडायची आणि मी खेकसायची. हो, खेकसायचीच. "आम्ही चार-चार पोरं काढली. असे नखरे नाही केले कोणी. आई झाली तू आता, थोडं सोस." पोर रडते म्हणून चिडायची, रंजू रडते म्हणून चिडायची, शेगडी विझली म्हणून चिडायची. बघायला येणाऱ्या बायांवर चिडायची, कारण जी येईल ती दूध येण्याचा नवा उपाय सांगायची आणि पोरीचं नाक कोणावर गेलं यावर तासभर बसायची.

आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. घराच्या पुढच्या छपरीत खाटेवर पडून रेडिओ. एकदा हळूच म्हणाले, "पोरीले पंखा लावून दे ना. भट्टी झाली ती खोली."

"अजी, वारा शिरते बाळंतिणीच्या अंगात!"

"हवाही नाही, पाणीही नाही. तिनं गुन्हा काय केला, ते तरी सांगून दे." एवढं बोलून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. माणसाला एवढं दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं, हे मला आजही लागते.

आठव्या दिवशी सकाळी ताप जास्तच वाटला. पोर रडून रडून थकली होती, आता नुसती कण्हायची. मी मोठीबाईंना गळतीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आज गुडघा फार दुखून राहिला. उन्हं कलली की जाईन." माझं डोकंच फिरलं. घरात येऊन झाकलेल्या देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. हात जोडायचे नव्हते, दिवा लावायचा नव्हता, म्हणून कंबरेवर हात ठेवून बोलली. म्हटलं, "इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर पाणी घातलं. एक दिवस नाही चुकली. आणि आता माझ्या घरावर वेळ आली तर तू तोंड झाकून बसला. मला तुझ्याकडे येता येत नाही, ठीक आहे. पण तुला कोणी अडवलं आहे? तुझे पाय मोडले का यायला?" एवढं बोलून मी रडायला लागली. मग स्वतःवरच चिडली आणि भांडी घासायला बसली.

दुपारची वेळ. तेंदूपानांचा हंगाम होता. बाया पहाटे जंगलात जातात, पानं तोडून पुडके बांधतात आणि गावाबाहेर जिथं पानं मोजून घेतात त्या फळीवर नेऊन देतात. अशीच एक बाई डोक्यावर पानांचा गठ्ठा घेऊन आमच्या छपरीशी उभी राहिली. पन्नाशीची असेल. काळी, वाळकी, पानांच्या चिकाने बोटं काळीनिळी झालेली. आमच्या गावची नव्हती.

"बाई वो, थोडं पानी दे."

मी म्हटलं, "माझ्या घरी सुवेर आहे. समोर माग."

"समोरची कडी वाजवून वाजवून हात दुखला. कोनी उठत नाही. माझा पान्याचा तुंबा फुटला जंगलात, संगच्या बाया पुढं गेल्या."

"पण सुवेराच्या घरचं पाणी तुला चालणार नाही ना."

"मले चालते! तहानेले कायचा सुवेर वो?" असं म्हणून तिने गठ्ठा खाली ठेवला आणि छपरीच्या काठावर बसूनच गेली. ह्यांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. आता दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी चिडतच आत गेली आणि माठावरचा तांब्या उचलला. तांब्या झाकणावर वाजला. ते ऐकून आतल्या खोलीतून रंजूचा आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं पोरच कण्हली.

"माय, मले पण."

मी तांब्या भरून बाहेर आली. बाईने तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आत कोन हाये?"

"पोरगी. बाळंत झाली, आठ दिवस झाले."

"मंग ती मांगून राहिली ना. तिले दे आंधी."

"तिला चालत नाही पाणी. बाळंतीण आहे."

तिने तांब्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मले सुवेरानं चालत नाही. तिले बाळंतपनानं चालत नाही. मंग हा माठ भरून ठेवला कोनासाठी वो?"

ती उठली. "गोठ्यात गाय व्याली त बादलीभर पाजतेस, आन पोरगी व्याली त घोट-घोट?" असं म्हणत तांब्या घेऊन सरळ आत गेली. मी तिच्या मागे. अडवायला हात उचलला होता, पण तो हात पुढे गेलाच नाही. काऊन नाही गेला, ते मला सांगता येणार नाही.

तिने शेगडी पायाने बाजूला सारली. रंजूच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि तांब्या तोंडाला लावला. रंजू ज्या रीतीने पाणी प्याली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन्ही हातांनी तांब्या धरला होता, पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून टाक्यांच्या दुखण्याने आखडलेल्या अंगावर ओघळत होतं. बाई म्हणत होती, "हळू पी वो माय, हळू. माठ पळून नाही चालला." तळाला चूळभर उरलं तेव्हा ते तिने स्वतः पिऊन टाकलं. मग खिडकीवरचं पोतं एका हिसक्यात ओढलं. उजेड आत आला तशी म्हणाली, "अंधारात काय घुबड पोसून राहिली का?"

आणि रंजू हसली. ओठ फाटून रक्त आलं, पण हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

बाई म्हणाली, "पेज दे तिले भाताची, मीठ घालून. आन ताप हाये, उद्या दवाखान्यात ने. मी काही डाक्टर नाही." बाहेर येऊन तिने गठ्ठा उचलायला ह्यांचा हात घेतला आणि उन्हात निघून गेली. हाक मारायला मी दारापर्यंत गेली, तेवढ्यात आतून पोर रडली म्हणून मागे फिरली.

रंजू रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाली, "माय, तुझ्या महादेवाच्या डोक्यावर पाणी पडून राहिलं का, हे तू मोठीमायले रोज चारदा विचारते. मी भिंतीपलीकडून ऐकतो. पाच दिवसांपासून मी पण मांगून राहिली ना."

मी खाली बसली. आणि तेव्हा मला एक गोष्ट आठवली जी मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही. रंजू झाली तेव्हा मीही अशीच बंद खोलीत होती. पोरीच्या आंघोळीसाठी आणून ठेवलेल्या घमेल्यात पदराचं टोक बुडवून, कोणी नसताना मी तो पदर चोखला होता. दोन दिवस. सासूबाईंना कळलं नाही. मी ते इतकं खोल पुरून टाकलं की माझ्या हाताखाली तीच पोरगी तहानली तेव्हा मला ती तहान ओळखू आली नाही. मी ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग आम्ही दोघी रडलो, पोर मधे ठेवून. ह्यावेळी मी तिला रडू नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले. लघवीत पू झाला होता, अंगातलं पाणी आटलं होतं. सलाईन लावलं, औषधं दिली, तीच सिस्टर समोर आली आणि रंजूच्या हाती पाण्याचा ग्लास देऊन गेली, हे जास्त लागलं. ताप तिसऱ्या दिवशी गेला. दूध हळूहळू आलं. मन त्याच्याहून हळू आलं, हेही लिहिते, कारण वाचणाऱ्या मायबहिणींना वाटायला नको की एक तांब्या पाणी प्याली आणि सगळं झालं. ती पुढेही कितीतरी दिवस कारण नसताना रडायची. एकदा मला म्हणाली, "पोरीकडे पाहून मले काहीच वाटत नव्हतं, माय. मी वाईट आहो का?" मी म्हटलं, "नाही वो. तू थकली आहेस." आमचे हे रोज संध्याकाळी तिची खाट परसात कडुनिंबाखाली टाकून द्यायचे. एका संध्याकाळी तिथं बसल्या बसल्या ती पोरीशी काहीतरी बडबडायला लागली. मी कढईत तूप सोडून राहिली होती, हात तसाच ठेवून ऐकत राहिली. तूप जळलं.

त्या बाईची चुंबळ आमच्या छपरीत राहिली होती, डोक्यावर गठ्ठ्याखाली घेतात ती चिंध्यांची गोल गादी. ती द्यायला हे फळीवर जाऊन आले. तिथला मुंशी म्हणाला, "काका, जंगलातल्या पाच गावच्या बाया येतात. काळी आन वाळकी म्हणून सांगाल तर सगळ्याच तशा." पुन्हा दोनदा विचारून आले. सापडली नाही. ती कोण होती, मी काही म्हणत नाही. तहानलेली बाई होती, तिचा तुंबा फुटला होता, समोरच्या मोठीबाई गाढ झोपल्या होत्या. एवढंच मला माहीत आहे. आणि सकाळी मी कोणाला म्हटलं होतं, तुझे पाय मोडले का यायला, तेही मला माहीत आहे.

बाराव्या दिवशी सुवेर फिटलं. घर सारवलं, देव उघडले, कळशी घेतली आणि देवळात गेली. गळती कोरडीठाक. बुडाच्या भोकापाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, म्हणजे किती दिवसांत तिथं थेंब पडला नव्हता. मोठीबाई इतके दिवस खोटं बोलल्या होत्या. दुसरी वेळ असती तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं. पण मी पिंडीकडे पाहिलं. महादेव होता तसाच होता. तडकला नव्हता, रुसला नव्हता. माझ्या पाण्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. त्याला जे पाणी हवं होतं ते तो माझ्या दारात येऊन मागून घेऊन गेला, आणि तेही मी चिडचिड करतच दिलं.

कळशीतलं अर्धं पाणी गळतीत ओतलं. अर्धं घरी परत आणलं.

मोठीबाईंशी भांडायला मी गेली नाही. त्यांनीच दोन दिवसांनी विचारलं, "गेली होती का देवळात?" मी म्हटलं, "गेली होती." त्या खाली पाहून गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "रंजूले पेज नेऊन देऊ का?" मी म्हटलं, "द्या ना." भांडायचा विषय तिथं संपला.

ती चुंबळ मी धुऊन ठेवली. पुढे सून बाळंत झाली, दुसऱ्या लेकीचं झालं, दर वेळी त्या चुंबळीवर माठ ठेवते, बाळंतिणीच्या उशाशी, तिचा हात पुरेल असा. झाकणावर तांब्या असतो, पण सुलटा आणि भरलेला. रंजूची पोरगी आता शाळेत जाते. सुट्टीत आली की त्याच माठातलं पाणी पिते आणि ओंजळीने सगळं अंगण ओलं करते. मी ओरडते तिच्यावर, सवय कुठं जाते.

मी समजायची की देवाला जपायचं म्हणजे सगळं आपल्या मुठीत धरायचं, कोणाला किती, कधी, कसं. त्या दुपारी माझ्या मुठीतून तांब्या कोणीतरी काढून घेतला, आणि तेव्हाच माझी पोरगी वाचली. देवा, तू माझ्या घरी आला तेव्हा मी तुला दारातूनच परतवून लावत होती. तू बसूनच गेला, हे तुझे उपकार.